आम्ही लहान आहोत

परवा कपाट आवरताना अकिओ मोरिता यांचं 'मेड इन जपान' पुन्हा हाती लागलं. सोनी कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी हे एक. पुस्तक आलं १९८६ साली. मी वाचलं निवृत्त झाल्यावर, म्हणजे चांगलं बावीस-तेवीस वर्षं उशिरा. त्यातलं एक पान दुमडलेलं होतं. पुस्तकाची पानं दुमडू नयेत असं वर्गात छत्तीस वर्षं सांगत आलो, पण स्वतःच्या घरात कोण बघतंय! त्या पानावर एका ऑर्डरची गोष्ट आहे. एक लाख रेडिओंची ऑर्डर, आणि ती नाकारणारा चौतीस वर्षांचा माणूस.

ती गोष्ट आज लिहायला घेतली, कारण तिच्यामुळे मला माझ्याच एका सल्ल्याकडे वळून बघावं लागलं. आधी तो सल्ला सांगतो.

१९८६ सालीच (योगायोग बघा) माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. दहावीला माझ्या वर्गात होता. पुढे आयटीआय केलं, आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात तीन लेथ आणि एक ड्रिल मशीन टाकून पंपांचे गनमेटलचे बुश करून द्यायला लागला. आठ कामगार. जवळजवळ सगळा माल एकाच मोठ्या कारखान्याला जायचा. त्या दिवशी त्याच्या हातात पश्चिम जर्मनीतल्या एका व्यापाऱ्याचं पत्र होतं. मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात त्या माणसाने याचे बुश पाहिले होते. दर तिमाहीला दोन हजार नग लागतील, आधी नमुने पाठवा आणि दर कळवा, असा मजकूर.

"सर, काय करू?"

मी इतिहास-भूगोलाचा मास्तर. लेथ कसा चालतो हेही मला धड ठाऊक नव्हतं. पण आपल्याकडे विद्यार्थ्याने विचारलं की मास्तरला उत्तर द्यावंच लागतं. मी म्हणालो, "अरे, आधी मोठा हो. पाय रोव. आठ माणसांचा कारखाना आणि जर्मनीला माल? उद्या काही बिनसलं तर कुणाकडे जाशील? इथलं नीट कर, वाढ, मग बाहेरचं बघू." त्याने मान हलवली, चहा घेतला, गेला. पत्राला उत्तर गेलं नाही.

हा सल्ला माझ्या डोक्यातून निघालेला नव्हता. वर्षानुवर्षं तेच शिकवत होतो. देशाची गरज भागून जे उरतं ते निर्यात करायचं. घरात सगळ्यांची जेवणं झाली की उरलेली भाजी शेजारी द्यायची, तसं. आणि जे देशाला लागू तेच कारखान्याला. लहानाने गावात विकावं, मध्यमाने राज्यात, मोठ्याने देशात, आणि फारच मोठा झाला तर परदेशात. पायऱ्या चढाव्यात तसं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं!

आता मोरितांकडे वळतो.

दुसरं महायुद्ध हरलेल्या जपानमध्ये, मे १९४६ मध्ये, मासारू इबुका आणि अकिओ मोरिता यांनी 'टोकियो त्सुशिन कोग्यो' ही कंपनी काढली. भांडवल १ लाख ९० हजार येन, माणसं वीसच्या आसपास. मोरिता हे नागोयाजवळच्या साके गाळणाऱ्या एका जुन्या घराण्यातले थोरले चिरंजीव, घराण्याची पंधरावी पिढी. म्हणजे बापाची गादी सोडून पोरगा रेडिओच्या नादाला लागला! पण वडिलांनी पैसे दिले, तेही एकदा नव्हे. पहिल्या दिवसांत या मंडळींनी विजेवर भात शिजवायचं लाकडी भांडं करून पाहिलं. भात एक तर कच्चा राहायचा नाही तर करपायचा. पुढे शिनागावात त्यांनी जी जागा घेतली तिथलं छप्पर इतकं गळकं होतं की पावसात टेबलांवर छत्र्या उघडून बसावं लागे. आमच्या शाळेचा जुना भाग असाच होता, त्यामुळे हे वाचताना मला फार आपलेपणा वाटला.

१९५० साली त्यांनी टेपरेकॉर्डर केला. प्रचंड जड आणि महाग. सुरुवातीला घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. मग न्यायालयांनी घेतला, कारण युद्धानंतर लघुलेखक मिळत नव्हते, आणि त्यानंतर शाळांनी. सोनीला पहिली काही वर्षं ज्यांनी जगवलं त्यांत जपानमधल्या शाळा होत्या हे किती जणांना माहीत असेल?

म्हणजे बघा, घरातली बाजारपेठ हळूहळू तयार होत होती. माझ्या सल्ल्याप्रमाणे त्यांनी अजून दहा-पंधरा वर्षं शाळांना टेपरेकॉर्डर विकत बसायला हवं होतं.

पण इबुका १९५२ साली अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांना कळलं की ट्रान्झिस्टर बनवायचा परवाना वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी २५ हजार डॉलरला देते आहे. तेव्हा डॉलरचा दर ३६० येन होता, म्हणजे हे ९० लाख येन झाले. १९५३ साली मोरिता अमेरिकेला गेले आणि करार केला. मात्र इतकं परकीय चलन बाहेर न्यायला जपानच्या वाणिज्य मंत्रालयाची परवानगी हवी होती, आणि मंत्रालयातल्या साहेबांचं म्हणणं काय असावं? एवढ्याशा कंपनीला हे झेपणार आहे का! परवानगी मिळायला १९५४ उजाडलं. दिल्ली काय नि टोकियो काय, असो.

त्याच १९५३ च्या प्रवासात मोरिता अमेरिकेहून युरोपात गेले. हा भाग मला ऑर्डरच्या गोष्टीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेचा अवाढव्यपणा बघून ते आधीच दबले होते. पुढे जर्मनीत गेले तर तोही देश युद्ध हरलेलाच, पण झपाट्याने उभा राहत होता. ड्युसेलडॉर्फच्या एका हॉटेलात त्यांनी आइस्क्रीम मागवलं. त्यावर शोभेला कागदाची इवलीशी छत्री खोचलेली होती. वाढपी मोठ्या कौतुकाने म्हणाला, ही तुमच्या देशातली! त्या भल्या माणसाने चांगल्या मनानेच सांगितलं, पण मोरितांना ते लागलं. जपान म्हणजे कागदी छत्र्या करणारा देश!

आणि मग ते हॉलंडला गेले. आइंडहोवेन या गावी. आजूबाजूला शेतं, सायकलवरून जाणारी माणसं, छोटंसं शहर. आणि तिथे फिलिप्स. ज्या कंपनीचं नाव त्यांनी जपानमध्ये लहानपणापासून ऐकलं होतं ती कंपनी अशा एका कृषिप्रधान देशाच्या कोपऱ्यातल्या गावात जन्मली होती. तिथूनच त्यांनी इबुकांना पत्र लिहिलं की यांना जमलं असेल तर आपल्यालाही जमेल.

फिलिप्सची गोष्टही थोडी सांगायला हवी, नाहीतर मोरितांना तिथे एवढा धीर का आला ते कळणार नाही. १८९१ साली हेरार्ड फिलिप्स आणि त्याचे वडील फ्रेडरिक यांनी विजेचे दिवे करायचा कारखाना काढला. पहिली दोन-तीन वर्षं इतकी वाईट गेली की कारखाना विकायचं चाललं होतं. मग १८९५ मध्ये धाकटा भाऊ अंटोन आला. तो विक्रीतला माणूस. हॉलंडचा बाजार तो केवढा? त्या चिमुकल्या देशात दिवे खपून खपून किती खपणार! अंटोन थेट रशियापर्यंत फिरला. १८९८ साली झारच्या हिवाळी राजवाड्यासाठी त्याने ५० हजार दिव्यांची ऑर्डर मिळवली आणि घरी तार केली. सांगतात की हेरार्डला वाटलं, तारेत एक शून्य चुकून जास्त पडलं असणार. तेव्हा अंटोनने उलट तार केली आणि तोच आकडा तीन भाषांत लिहून कळवला: पन्नास हजार, पन्नास हजार, पन्नास हजार!

माझ्या भूगोलाच्या पायऱ्या इथे कोसळतात. फिलिप्स देशात मोठी झाली आणि मग बाहेर गेली असं झालंच नाही. घर लहान होतं म्हणूनच ती बाहेर गेली. अमेरिकेतला कारखानदार मात्र आपल्याच देशात एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत माल विकत आयुष्य काढू शकत होता. त्याला परदेश ही एक कटकट वाटली तर नवल काय?

आता १९५५. मोरिता न्यूयॉर्कला एक छोटा ट्रान्झिस्टर रेडिओ घेऊन हिंडत होते, किंमत २९ डॉलर ९५ सेंट. (जगातला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ सोनीचा, असं पुष्कळदा सांगतात. ते खरं नाही. अमेरिकेतला 'रीजन्सी' १९५४ सालीच बाजारात आला होता.) बहुतेक दुकानदार म्हणत, अमेरिकेत मोठी घरं, मोठ्या खोल्या, एवढासा रेडिओ कुणाला हवाय? पण बुलोव्हा या घड्याळ कंपनीच्या माणसाला तो आवडला. तो म्हणाला, आम्ही एक लाख घेतो. अट एकच, त्यावर नाव बुलोव्हाचं असेल.

एक लाख! कंपनीच्या तेव्हाच्या एकूण भांडवलाच्या कितीतरी पट रकमेची ती ऑर्डर होती. मोरितांनी टोकियोला कळवलं. टोकियोहून उत्तर आलं: घ्या, नावाचं विसरा. मोरितांनी विचार केला आणि बुलोव्हाला नाही म्हणून सांगितलं. तो खरेदी करणारा माणूस चक्रावलाच. आमचं नाव गेली पन्नास वर्षं लोकांना माहीत आहे, तुमचं कुणी ऐकलंय तरी का, असं तो म्हणाला. त्यावर मोरितांचं उत्तर असं की पन्नास वर्षांपूर्वी तुमचंही नाव कुणी ऐकलं नसेल. आमच्या पन्नास वर्षांतलं पहिलं पाऊल मी आज टाकतो आहे. (बुलोव्हाची स्थापना १८७५ ची, म्हणजे खरं तर ऐंशी वर्षं झाली होती. विक्रेत्यांना सनावळी पाठ नसतात!) हा आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला निर्णय, असं मोरिता पुढे सांगत.

या नकारात नशिबाचाही वाटा होता, तो लपवू नये. कंपनीचा तो पहिला नमुना, टीआर-५२, याची पुढची प्लॅस्टिकची जाळी उन्हाळ्याच्या उकाड्यात वाकडी होऊन निघायला लागली. एक लाख नग अमेरिकेत गेले असते आणि सगळ्यांच्या जाळ्या वाकल्या असत्या तर सोनी नावाची कंपनी आज कुणाला ठाऊक नसती. तो नमुना मागे घेऊन त्यांनी १९५५ च्या ऑगस्टमध्ये टीआर-५५ बाजारात आणला.

पण मी पान दुमडलं होतं ते बुलोव्हाचं नव्हे, त्याच्या जवळपासच आलेल्या दुसऱ्या प्रसंगाचं. तो तितका प्रसिद्ध नाही. दीडशेच्या आसपास दुकानं असलेल्या एका व्यापाऱ्याने मोरितांकडे दर मागितले: पाच हजार, दहा हजार, तीस हजार, पन्नास हजार आणि एक लाख नगांचे. नावाची अट नव्हती. मोरिता हॉटेलात परतले आणि हिशेब करत बसले. लाखाची ऑर्डर घ्यायची तर कारखाना वाढवायचा, माणसं घ्यायची, त्यांना शिकवायचं. आणि पुढच्या वर्षी त्याने मागणीच केली नाही तर? घेतलेल्या माणसांना जपानमध्ये असं उठून घरी बसवता येत नाही. मग त्यांनी कागदावर एक रेघ काढली. पाच हजारांना नेहमीचा दर. दहा हजारांना सवलत, तिथे रेघ तळाला. तीस हजारांपासून दर चढायला लागतो. पन्नास हजारांना तो पाच हजारांच्या दरापेक्षाही जास्त, आणि लाखाला तर फारच वर. इंग्रजी यू अक्षरासारखी, एका बाजूला कललेली रेघ.

दुसऱ्या दिवशी तो कागद बघून व्यापारी म्हणाला, मी जवळजवळ तीस वर्षं खरेदी करतोय, जास्त घेतलं की जास्त पैसे लागतील असं सांगणारा तूच पहिला! मोरितांनी कारण समजावलं. ऐकून तो हसला आणि त्याने दहा हजारांची ऑर्डर दिली. दोघांनाही हवी होती तेवढीच.

मला ही रेघ फार आवडते. आपण लहान आहोत हे मोरितांना माझ्या विद्यार्थ्याइतकंच, किंबहुना जास्तच, ठाऊक होतं. त्यांनी ते लपवलं नाही की त्याची लाज बाळगली नाही. उलट त्याचा आकडा काढला. आपण लहान आहोत, म्हणून नको, असं ते म्हणाले नाहीत. आपण लहान आहोत, म्हणून इतके, या दराने, असं म्हणाले. या दोन वाक्यांतलं अंतर मला १९८६ साली कळलं नव्हतं.

मात्र एक गैरसमज होऊ नये. त्या काळी जपानमधून निर्यात करणारी सोनी ही काही एकटी छोटी कंपनी नव्हती. ट्रान्झिस्टर रेडिओची लाट आल्यावर छोटे छोटे कारखानदार रेडिओ जोडून अमेरिकेला पाठवू लागले. पण त्यांतले पुष्कळ जण व्यापारी कंपन्यांमार्फत माल देत, आणि डब्यावर नाव परक्याचं. म्हणजे निर्यात होत होती, निर्यातदार मात्र दिसत नव्हता. मोठ्या कंपन्यांचं चित्र निराळं. मात्सुशिताची देशभर स्वतःची दुकानदारांची साखळी होती, तोशिबा आणि हिताची यांची नावं घरोघर माहीत होती. त्यांना घरात जागा होती, बाहेर पडायची घाई नव्हती. मात्सुशिताने अमेरिकेत आपली कंपनी १९५९ साली काढली. सोनीकडे घरात ना तशी साखळी, ना नाव. मग मोरितांनी नाव तरी कमवायचं ठरवलं, आणि तेही जिथे कमावलेलं सगळीकडे चालतं तिथे.

'टोकियो त्सुशिन कोग्यो' हे नाव अमेरिकन माणसाच्या तोंडी बसेना. म्हणून 'सोनी'. १९५५ पासून मालावर हे नाव आलं आणि जानेवारी १९५८ मध्ये कंपनीचंच नाव बदललं. बँकेला ते मुळीच पसंत नव्हतं. १९५७ साली खिशात मावणारा टीआर-६३ आला. खरं तर तो नेहमीच्या शर्टाच्या खिशाला जरा मोठाच होता, म्हणून विक्रेत्यांसाठी थोड्या मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले! जानेवारी १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गोदामात चोरी झाली. चोरांनी चार हजार रेडिओ नेले, सगळे सोनीचे. शेजारी दुसऱ्या कंपन्यांचा माल होता, त्याला हातही लावला नाही. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि फुकटात जाहिरात झाली.

आणि मोठेपणाने सगळं साधतं असंही नाही. टोयोटा तेव्हाही सोनीपेक्षा कितीतरी मोठी. १९५७ साली तिने अमेरिकेत विक्रीची कंपनी काढली आणि 'क्राऊन' गाडी नेली. तिथल्या लांबच लांब महामार्गांवर, त्या वेगाला, गाडीची दमछाक व्हायला लागली. काही वर्षांत ती विक्री थांबवावी लागली आणि १९६५ मध्ये 'कोरोना' घेऊन नव्याने सुरुवात करावी लागली.

आपल्याकडे याच काळात काय होतं? १९५६ साली दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. आपल्या मालाला परदेशात फारशी मागणी येणार नाही असं गृहीत धरून, बाहेरून येणारं इथेच कसं बनवता येईल यावर भर दिला गेला. त्यामागे कारणं होती, दीडशे वर्षांच्या पारतंत्र्यातून नुकताच सुटलेला देश तो. पण परिणाम असा की आपल्या मोठ्या कंपन्यांना घरातच इतकं गिऱ्हाईक मिळालं की बाहेर बघायची गरजच राहिली नाही. स्कूटरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट बघणारी आमची पिढी आहे. दारात रांग लागलेली असताना कुठला व्यवस्थापक बॅग भरून परदेशी गिऱ्हाईक शोधत फिरेल? निर्यात ही त्याच्यासाठी सरकारने परवान्यासोबत घातलेली अट होती. शाळेत सक्तीचा गृहपाठ असतो तशी. गृहपाठ जसा केला जातो तशीच ती बऱ्याचदा केली गेली.

माझा भाचा व्यवस्थापनशास्त्र शिकवतो. त्याला हे सगळं सांगितल्यावर त्याने मला एक जुना निबंध आणून दिला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांचा अभ्यास, वॉरन बिल्की आणि जॉर्ज टेसर या दोघांनी केलेला, १९७७ साली छापलेला. त्यांना दिसलं असं की व्यवस्थापन कसं आहे हे हिशेबात धरलं तर कारखान्याचा आकार निर्यातीच्या बाबतीत फारसा महत्त्वाचा राहत नाही. भाच्याने पुढे बजावलं, "मामा, लगेच टाळ्या वाजवू नका. मोठ्या कंपन्या निर्यातीत उतरण्याची शक्यता जास्त असते, हे बहुतेक अभ्यासांत दिसतं." पण उतरल्यावर आपल्या मालातला किती हिस्सा त्या बाहेर विकतात, याचा आकाराशी तसा सरळ संबंध लागत नाही. इटलीतल्या कारखान्यांवर आंद्रेआ बोनाकोर्सी यांनी १९९२ साली हेच दाखवलं. चिकाटीने बाहेर विकणारे छोटे कारखानदार तिथे पुष्कळ. त्यांच्या शेजारीपाजारी निर्यात करणारे असतात, आणि ते बघून तेही शिकतात. मिरजेत १९८६ साली माझ्या विद्यार्थ्याच्या शेजारी कोण होतं? मी होतो!

आता एक गोष्ट, जी मी वर सांगितली नाही.

त्या दिवशी तो फक्त "काय करू" विचारायला आला नव्हता. पत्र पुढे करून तो म्हणाला होता, "सर, याला इंग्रजीत उत्तर तेवढं लिहून द्याल का?" माझं बी. ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचायला येत होतं, आजही येतं. पण जर्मन व्यापाऱ्याला दराचं पत्र लिहायचं? त्याची सुरुवात कशी करतात, माल पोचवण्याच्या अटी कशा घालतात, काहीच ठाऊक नव्हतं. मला येत नाही असं आपल्या विद्यार्थ्याला कसं सांगायचं? वय छत्तीस, गावात मास्तर म्हणून मान. मी पत्र वाचल्यासारखं केलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणालो, "अरे, आधी मोठा हो."

मोरितांचं इंग्रजी पहिल्या प्रवासात यथातथाच होतं, असं ते स्वतःच लिहितात. ते वाक्य वाचून पुस्तक मिटून ठेवलं होतं, दोन दिवस उघडलं नाही.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९९१-९२ च्या सुमारास त्याच्या त्या मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डरी निम्म्यावर आणल्या. वर आधीचे पैसे आठ-आठ महिने अडकले. दोन लेथ विकावे लागले, पाच माणसं कमी झाली. तो उभा राहिला पुन्हा, पण त्याला सहा-सात वर्षं लागली. ते पत्र त्याने स्वीकारलं असतं तर हे टळलं असतं असं मी म्हणत नाही. नमुने नापासही झाले असते. पण एकाच दारात उभं राहायची वेळ कदाचित आली नसती.

गेल्या दिवाळीत तो फराळ घेऊन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पत्र मला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी तुला मोठं व्हायला सांगितलं. साठी ओलांडलेला माणूस तो, आता नातू आहे त्याला. जरा वेळ गप्प बसला.

"सर, खरं सांगू? तुम्ही नको म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं होतं. मलाच धास्ती वाटत होती. घरी बायको घ्या म्हणत होती, तिला काय सांगायचं ते कळत नव्हतं. सर नको म्हणाले, असं सांगितलं."

आज त्याच्याकडे बावीस माणसं आहेत. माल मस्कतला जातो आणि थोडा केनियाला. पत्रव्यवहार सून बघते. मी विचारलं, लाखाची ऑर्डर आली तर घेशील का? तो म्हणाला, "लाखाची? नाही हो सर. आमची दहा-बारा हजारांपर्यंतच मजल. तसा दरच लावतो ना मी."

मोरितांची ती रेघ मी त्याला कागदावर काढून दाखवली. त्याने चष्मा लावून बघितली आणि त्या तळाच्या जागी पेनने एक फुली केली. मग म्हणाला, "आमची इथे," आणि चिवड्याचा डबा रिकामा करून मागितला, कारण डबा सुनेचा होता.